कूपरेजची गर्दी कुठे गेली?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. आशियातल्या कुठल्याही संघाने तोवर ही मजल मारली नव्हती. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे होते आणि त्या सामन्यात तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेला. आजचा धाराशिव जिल्हा ज्या राजधानीचा निरोप घेत होता आणि ज्या राजधानीशी नव्याने नाते जोडत होता, त्या दोन्ही शहरांचा भारतीय फुटबॉलच्या त्या मोठ्या दिवसात वाटा होता.

तरीही रहीम आणि नेव्हिल ही नावे आज मराठवाड्यात फारशी कुणाला ठाऊक नाहीत. मुंबईतही ती जुन्या माणसांपुरतीच उरली आहेत. असा संघ आपल्या माणसांच्या आठवणीतून कसा निसटतो, हे समजून घ्यायचे तर फक्त खेळाडूंचा इतिहास पाहून भागत नाही. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचाही पाहावा लागतो.

हा खेळ आपल्याकडे आणला गोऱ्या पलटणींनी. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरंड कप सुरू झाला, त्याच्या पहिल्या अंतिम सामन्यात समोरासमोर होत्या त्या दोन स्कॉटिश पलटणी, रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री. तीन वर्षांनी मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढची कित्येक वर्षे तो पलटणींच्याच हातात फिरत राहिला. मात्र भोवतीच्या गर्दीत देशी माणूस वाढत गेला. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ असा हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक जिंकला. रोव्हर्स कपवर नाव कोरणारा तो पहिला भारतीय संघ. १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकला. गोऱ्या साहेबाच्या खेळात साहेबाला हरवता येते, हे मुंबईच्या गर्दीने डोळ्यांनी पाहिले. त्या काळात ही काही लहान गोष्ट नव्हती.

इकडे मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याच्या गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले ते सातवे निजाम उस्मान अली खान यांच्यावरून. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठालाही त्यांचेच नाव. रहीम त्याच विद्यापीठात शिकले आणि तिथल्याच संघातून खेळले. पेशाने ते शिक्षक. १९४३ पासून मृत्यूपर्यंत हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे होते. हैदराबादच्या पोरांचे पाय चपळ आहेत, पण चेंडू पायाशी खेळवत बसण्याची त्यांना खोड आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्यावर शिक्षकाला शोभेल असा उपाय काढला. मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याला चकवत पळायलाच मनाई. चेंडू आला की लगेच पुढच्याकडे द्यायचा. काही सामन्यांत तर ज्या पायाने नीट मारता येत नाही त्याच पायाने खेळायचे. आज कुठल्याही अकादमीत शिकवतात तो पास देण्याचा धडा या माणसाने नियमातच बसवून टाकला होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद राज्यात शिरल्या. पहिली चकमक झाली नळदुर्गला, म्हणजे याच जिल्ह्यात. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या काळात या भागातल्या गावांनी जे भोगले, ते विसरण्यासारखे नाही आणि विसरू नये. पण त्याच राज्यात दुसरेही काही घडत होते. अवघ्या दोन वर्षांत, १९५० मध्ये, हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ रहीम यांच्या हाताखाली मुंबईत आला आणि रोव्हर्स कप घेऊन गेला. त्याच वर्षी त्यांनी ड्युरंडही जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा रोव्हर्स, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्यांनी तो चषक सोडला नाही.

कूपरेज म्हणजे दक्षिण मुंबईत, ओव्हल मैदानाजवळचे एक छोटे मैदान. प्रेक्षक बाजूच्या रेषेला इतके खेटून बसत की खेळाडूंच्या हाका त्यांना ऐकू येत. तिथल्या गर्दीचे वैशिष्ट्य असे की ती एका रंगाची नव्हती. गोव्याचे खलाशी आणि कारकून, मोहमेडनसाठी येणारे मोहल्ल्यांतले लोक, बागान आणि ईस्ट बंगालसाठी येणारे बंगाली, गिरण्यांतले आणि तेल कंपन्यांतले कामगार, सगळे एकाच फळकुटावर. फुटबॉलचे वेड असलेले दिलीपकुमारही तिथे दिसत. हैदराबादचे पोलीस मुंबईकरांचे कुणी लागत नव्हते, तरी पाच वर्षे ते त्या मैदानावर जिंकत राहिले आणि लोक बघत राहिले. रोव्हर्स कपने या गर्दीला सवय लावली: खेळ चांगला असेल तर परक्यालाही टाळी द्यायची.

राष्ट्रीय संघ याच मातीतून उभा राहिला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी दवडल्या आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. १९५० मध्ये ब्राझीलच्या विश्वचषकाचे दार उघडे असताना संघ गेलाच नाही. बुटांची सक्ती होती म्हणून गेला नाही, ही सांगोवांगी फार पसरली आहे. लांबचा प्रवास, विश्वचषकाचे महत्त्व न ओळखणे आणि फुटबॉल महासंघाची अनास्था ही कारणे मला जास्त खरी वाटतात. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत साहू मेवालालच्या गोलवर इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळाले. लगेच १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा दारुण पराभव झाला. त्यानंतर मात्र बूट घालणे सक्तीचे झाले.

आणि मग मेलबर्न. ऑस्ट्रेलियाला हरवल्यावर ४ डिसेंबरच्या उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा नेव्हिलनेच केला. हेलसिंकीत दहा गोल चढवणाऱ्या संघावर भारत आघाडीवर होता! ती आघाडी टिकली नाही. सामना ४-१ असा हातचा गेला, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले आणि भारत चौथा आला. नेव्हिलचे स्पर्धेत चार गोल झाले. सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचे नाव बरोबरीने लागले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच्या कॅल्टेक्स संघाने रोव्हर्स कप जिंकला आणि चषक मुंबईतच राहिला.

या सगळ्याचा कळस म्हणजे जकार्ता, १९६२. चौथ्या आशियाई खेळांतून इस्राएल आणि तैवानला इंडोनेशियाने बाहेर ठेवले होते. भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी याला हरकत घेतली आणि मग या खेळांना आशियाई खेळ म्हणू नये अशी भूमिका मांडली. शहर भारतीयांवर खवळले. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्याला जवळपास लाखभर प्रेक्षक होते आणि त्यातले बहुतेक भारताची हुर्यो उडवायला आलेले. साखळीत याच कोरियाने भारताला २-० ने नमवले होते. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला आधीच्या सामन्यात मार लागून टाके पडलेले. रहीम यांनी त्याला मागे ठेवण्याऐवजी आघाडीवर खेळवले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला होता, अंतिम सामन्यातही केला. एक प्रदीप कुमार बॅनर्जींचा आणि एक त्याचा, असे पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल झाले. सामना २-१ ने जिंकला. त्या संघातल्या खेळाडूंच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: त्या एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये भारतासाठी ओरडत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ.

भारतीय फुटबॉलचे सर्वात मोठे यश असे परक्यांच्या शिव्यांत मिळाले. घरी ते कुणी पाहिले नाही, पाहण्याची सोयच नव्हती. मैदानावर उभ्या असलेल्या रहीम यांना कर्करोगाने आतून पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

पुढची उतरंड एका कारणाने झाली नाही. युरोप ९० मिनिटांचे सामने खेळत असताना आपल्याकडे बरीच वर्षे ७० मिनिटांचेच खेळले जात, त्यामुळे परदेशी गेल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड व्हायचे. रहीम यांच्या जागी त्यांच्या तोडीचा कुणी आला नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळाले, ते आशियाई खेळांतले फुटबॉलचे आजवरचे शेवटचे पदक. पण संघ हरू लागला म्हणून लोक गेले, हे सोपे उत्तर मला पटत नाही. हरणाऱ्या संघामागेही लोक राहतात, हे पुढे दिसेलच. लोक गेले कारण त्यांच्या रोजच्या जगण्यातले क्लब गेले.

मुंबईचा फुटबॉल गिरण्या, बँका, रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या पगारावर उभा होता. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल. खेळाडूला नोकरी मिळे आणि त्याच्याच खात्यातले सहकारी कूपरेजवर येऊन त्याच्या नावाने ओरडत. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. त्या संपाचे दुःख फुटबॉलपेक्षा कितीतरी मोठे आहे. पण ज्या घरांतली चूल विझली त्याच घरांतून कूपरेजचा प्रेक्षक येत होता, हेही नोंदवायला हवे. पुढच्याच वर्षी, २५ जून १९८३ ला, कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला आणि घराघरांत येऊ लागलेल्या दूरदर्शन संचाचा मालक क्रिकेट झाला. १९८६ मध्ये त्याच पडद्यावर मॅराडोना दिसला. फुटबॉल आवडणाऱ्या पोरांना एकदम अर्जेंटिना सापडली आणि भारताचा संघ नजरेआड झाला. रोव्हर्स कप रखडत रखडत २०००-०१ पर्यंत चालला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बरखास्त करण्यात आला. चार वर्षांपूर्वी देशात अव्वल ठरलेला संघ एका निर्णयाने संपतो, तेव्हा त्याच्या पाठीराख्याने जायचे कुठे?

मराठवाड्याची गत आणखी वेगळी. १९५६ पर्यंत त्याची राजधानी देशातल्या सर्वात जिवंत फुटबॉल शहरांपैकी एक होती. ती दोरी तुटली. नव्या राजधानीचे फुटबॉल मैदान चारशे किलोमीटर दूर राहिले. मराठी मुलखात गेल्याचा आनंद न्याय्य होता आणि त्यासाठी लोक झगडले होते, पण हैदराबादशी असलेला खेळाचा धागा कुणी जपला नाही. रहीम मराठवाड्यालाही आपले वाटू शकले असते. त्यांचे नाव घेणारेच कुणी उरले नाही.

महाराष्ट्रात एका ठिकाणी मात्र गर्दी कधीच गेली नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांचे आहेत. मूल कुठल्या पेठेत जन्मले यावर ते कुणाचे पाठीराखे होणार हे ठरते. शाहू स्टेडियमवर भर उन्हात लोक बसतात. कधी ईर्ष्या हातघाईवर जाते, आणि ते वाईटच. विश्वचषक आला की चौकाचौकांत ब्राझील, अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे उंचच उंच फलक लागतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव ऑक्टोबर २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्याआधी महिनाभर, १५ सप्टेंबरला, राज्यातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा सरकारचा उपक्रम झाला आणि मराठवाड्यातल्या शाळांतही चेंडू पोहोचले. एक दिवस खेळ झाला. पुढे रोज खेळायला संघ आणि सामने उभे राहिले असते तर त्या दिवसाचे चीज झाले असते.

मुंबईत राष्ट्रीय संघ परतला तो ३ सप्टेंबर २०१६ रोजी, तब्बल ६१ वर्षांनी. अंधेरीत पोर्तो रिकोला ४-१ ने हरवले. मग जून २०१८. त्याच अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० ने धुतले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि प्रेक्षक होते २,५६९. दीड-दोन कोटींच्या शहरात अडीच हजार माणसे! दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, अशा आशयाची ती कळकळीची विनवणी होती. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा. पाऊस कोसळत होता आणि स्टेडियम भरलेले होते. भारत ३-० ने जिंकला, दोन गोल छेत्रीचे. ती गर्दी पाहून अनेकांचे डोळे भरून आले. पण एका खेळाडूला हात जोडावे लागले तेव्हा ती आली, हेही तितकेच खरे. त्याच्या आदल्या वर्षी ‘ब्लू पिलग्रिम्स’ नावाचा राष्ट्रीय संघाच्या पाठीराख्यांचा गट तयार झाला होता. संघ जिंको वा हरो, परदेशातही हे निळ्या कपड्यांतले लोक जातात. संख्येने ते थोडे आहेत, पण पाया त्यांनी घातला आहे.

हरणाऱ्या संघामागे लोक कसे राहतात, हे स्कॉटलंडने दाखवले. लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिप्पट-सव्वातिप्पट. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना १८७२ मध्ये तिथेच, ग्लासगोत झाला. १९३७ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला हॅम्पडेन पार्कवर १,४९,४१५ माणसे होती. १९६७ मध्ये जगज्जेत्या इंग्लंडला त्यांच्याच वेम्बलीवर ३-२ ने हरवले, त्या दिवसाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. १९७७ मध्ये तिथेच जिंकल्यावर पाठीराख्यांनी गोलपोस्ट मोडले आणि हिरवळीचे तुकडे घरी नेले. १९७८ च्या विश्वचषकाला जाताना विजयोत्सव आधीच झाला, आणि पेरूकडून हार, इराणशी बरोबरी, मग हॉलंडवर विजय मिळवूनही संघ परतला. इतक्या मोठ्या अपेक्षाभंगानंतर गर्दी पांगायला हवी होती. उलट ती बदलली. दंगा सोडून तिने गाणी, बॅगपाइप आणि चौकड्यांचे किल्ट घेतले आणि स्वतःला टार्टन आर्मी म्हणवत ती जगभर फिरू लागली. १९९२ च्या युरो स्पर्धेत त्यांच्या वागणुकीचा गौरव झाला. १९९८ नंतर विश्वचषक दुरावला, तरी माणसे बापाकडून मुलाकडे तिकिटे आणि आठवणी देत राहिली. मोठ्या स्पर्धेत पहिली फेरी या संघाने अजून एकदाही ओलांडलेली नाही, तरी २०२४ च्या युरोला जर्मनीची शहरे त्यांनी भरून टाकली. हे शक्य झाले कारण तिथे गावोगावचे अनेक क्लब शंभर वर्षे जागेवर आहेत. शनिवार आला की मैदान असतेच.

१८ नोव्हेंबर २०२५ ची रात्र या दोन गोष्टींना शेजारी आणून ठेवते. हॅम्पडेनवर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ ने हरवले. शेवटचा गोल केनी मॅक्लीनने थेट आपल्या अर्ध्या भागातून केला, आणि २८ वर्षांनी संघ विश्वचषकाला पात्र ठरला. त्याच दिवशी ढाक्यात भारत बांगलादेशकडून १-० ने हरला. महिनाभर आधी मडगावात सिंगापूरकडून २-१ ने हरून २०२७ च्या आशिया चषकाची वाट आधीच बंद झाली होती.

धाराशिव जिल्ह्याला पाठीराखा कसा घडतो हे कुणी शिकवायला नको. खो-खोत या जिल्ह्याने ते करून दाखवले आहे. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी सराव, तालुक्याच्या स्पर्धा, गावातली ओळखीची पोर खेळते म्हणून येणारे लोक. यातून सारिका काळे घडली. तिच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई खेळांत भारताच्या महिला संघाने सुवर्ण जिंकले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघातही जिल्ह्याची अश्विनी शिंदे होती. फुटबॉलला याहून वेगळे काही लागत नाही.

एक काम मात्र आत्ताच करायला हवे. १९५४ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदी ओलांडून गेला आहे. शिक्षणासाठी हैदराबादला राहिलेले, किंवा पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेले आणि पाळी सुटल्यावर कूपरेज गाठणारे कुणी तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असतील, तर त्यांच्याजवळ बसा, त्यांनी काय पाहिले ते विचारा आणि तारखेसह लिहून काढा. खेळाडूंच्या नोंदी पुस्तकांत सापडतात, प्रेक्षकांच्या कुणीच ठेवलेल्या नाहीत.